समाधीतली वाऱ्याची वाट

काल्याचं कीर्तन दहाला उभं राहिलं आणि सव्वाअकराच्या सुमाराला सुदाम गोजर नाईकांच्या समाधीच्या पोटात अडकला. बाहेर मांडवात पाच-सहाशे माणसं बसली होती. त्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

धसईवरून डोंगराच्या अंगाला आत गेलं की कारवीची वाडी लागते. वाडीच्या माळावर नाईकांची समाधी आहे. नाईक म्हणजे इंग्रजांच्या राज्यात वेठीला नकार देऊन डोंगरातली गावंच्या गावं उठवणारा माणूस. त्यांचं बंड घाट चढून पलीकडे गेलं आणि पुढे देशभर गाजलं. एकदा ते एका कपारीत लपल्याचा पोलिसांना सुगावा लागला. आत शिरायची छाती कुणाची होईना, म्हणून साहेबाने कपारीचं तोंडच दगडांनी चिणून टाकलं. तीन दिवसांनी दगड काढले तर नाईक जिवंत! कातळाला बोटभर भेग होती. तिला तोंड लावून माणूस तीन दिवस तगला होता. पुढे तुरुंगात दुखण्याने गेले, पण जाण्याआधी त्यांनी वाडीला निरोप धाडला होता, “मला जिथं ठेवाल तिथं वाऱ्याला वाट ठेवा.”

समाधी बांधली ती सुदामच्या आज्याने, पोश्या पाथरवटाने. आठ बाजूंचं काळ्या दगडाचं जोतं, तीन पायऱ्या, वर चार खांबांची छत्री आणि छत्रीखाली पादुका. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड असा घासून बसवलाय की सांध्यात पोस्टकार्ड शिरायचं नाही. जोत्याच्या पोटात एक पोकळी, गुडघ्यांत डोकं घालून माणूस बसेल एवढीच. तिथे अस्थींचा तांब्याचा कलश. पोकळीचं तोंड उत्तरेला, आणि त्याला दोन खाचांतून वरखाली सरकणारी दगडी झाप. ती उचलायला दोन पहारी आणि दोन गडी लागतात. खाली यायला तिला कुणी लागत नाही.

आणि पोश्याने वाऱ्याची वाट ठेवली होती. पोकळीच्या छतातून बोटभर छिद्र वर जातं, मधेच कोपरासारखं वळतं आणि पादुकांच्या मागे उघडतं. पावसाचं पाणी त्या वळणावर अडतं, बारीक पन्हळीतून बाहेर निघून जातं. वारा तेवढा वळून आत येतो.

यंदा त्या समाधीवर मोठं स्मारक झालं. घुमट, संगमरवरी जमीन, जोत्याच्या आठही बाजूंना ग्रॅनाइट. नकाशा काढला ठाण्याच्या रंजिता मॅडमनी. बाई मोठी नेकीची. भर उन्हात सुद्धा समाधीपाशी चपला काढल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. जुन्या दगडांचं काम तिने मुद्दाम सुदामच्या हाती दिलं होतं, म्हणाली होती, “हे दगड तुमच्या घरचे आहेत, दादा.”

तीच बाई तीन दिवसांपूर्वी पादुकांपाशी वाकून म्हणाली, “सुदामदादा, हे भोक कसलं?”

“जुनंच हाय, मॅडम.”

“पावसाचं पाणी जाईल ना आत. मुंग्या जातील. बुजवून टाका.”

सुदामने तोंड उघडलं. तिच्या हातात नकाशा होता, मोठा, गुळगुळीत, आणि त्यात आठ बाजू, तीन पायऱ्या, चार खांब, सगळं होतं. भोक नव्हतं. सुदामच्या तोंडून निघालं ते एवढंच, “बरं, मॅडम.” आणि त्याने स्वतःच्या हाताने पातळ सिमेंट कालवून वाऱ्याच्या वाटेत ओतलं.

घरी बायकोने, यमूने, त्याला धुतला. “तुमाला तोंड नाय का वो? टाळ हातात आला का आभाळ फाडता, आन् मॅडमपुढं बरं, बरं!”

“नकाशा व्हता गो त्यांच्या हातात. नकाशात भोक नाय.”

“मंग तो नकाशा आंधळा. तुमाला तरी डोळे हायेत ना?”

दोन रात्री सुदामला झोप नव्हती. वरून सळई घालून पाहिली, पण पातळ सिमेंट वळणाच्याही खाली उतरून घट्ट बसलेलं आणि सळई काही वळणातून वळेना. ते फोडायचं तर खालून, पोकळीत शिरून. आणि त्याला आजचाच दिवस होता. कामासाठी बाहेर काढलेला कलश पहाटे परत आत ठेवला होता, त्यासाठी उचललेली झाप सागाच्या ओंडक्याच्या टेकूवर उघडी होती. हंडी फुटली, काला वाटला की कल्याणहून आलेले दोघे कारागीर झापेवर नावाची ग्रॅनाइटची पाटी कायमची चिकटवणार आणि पाहुणे तिचा पडदा ओढणार. त्यानंतर पोकळीचं तोंड कुणाला दिसायचंसुद्धा नाही.

म्हणून सुदामने आज टाळ दुसऱ्याला दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो टाळकऱ्यांच्या रांगेत पुढे उभा नव्हता. फोन यमूच्या पिशवीत टाकून तो म्हणाला, “मागं जरा काम हाय.” कीर्तन दक्षिणेच्या बाजूला चाललेलं. उत्तरेला ग्रॅनाइटच्या लाद्या, जनरेटर आणि कनातीचा पडदा. तिथे कुणी नव्हतं. मधल्या गजराने जोर धरला तेव्हा हातोडी-छन्नी घेऊन तो पालथा आत शिरला. पाय आत ओढताना टाच ओंडक्याला लागली.

झाप पडल्याचा आवाज त्याने अंगानेच ऐकला. बाहेर चाळीस टाळ एकदम वाजत होते.

अंधार असा की डोळे मिटले काय, उघडे काय. गुडघे छातीला, मान वाकलेली, पाठ छताला. पायांमध्ये कलश. पहिल्यांदा त्याने कलश चाचपला, लवंडला नाही ना म्हणून. मग झापेला हात लावला. आज्याचं काम! खाचेत बसलेली झाप आतून ढकलायची तर धरायला कड नाही, उचलायला फट नाही.

“अरे ए! कुनी हाय का रे?”

आवाज त्याच्याच तोंडावर परत आला. झापेपलीकडे जनरेटर घरघरत होता, आणि वर, छत्रीच्या खांबालाच, कर्णा बांधलेला होता.

गजर थांबला. कीर्तनकार भगीरथ महाराजांचं निरूपण पुढे सुरू झालं. महाराज उंबरमाळीकडचे, आवाज गोड आणि दमदार. दगडातून त्यांचे शब्द येत नव्हते, नुसती घुमी येत होती, पण ती घुमी सुदामला पाठ होती. दरवर्षी काल्याला महाराज कपारीची गोष्ट सांगतात. आता नाईक कपारीत शिरले. आता साहेबाने दगड मागवले. आता पहिला दगड लागला. या जागी महाराज थांबतात आणि बायका डोळ्यांना पदर लावतात. घुमी थांबली.

सुदामने त्या शांततेत हातोडी उचलली आणि झापेवर घातली. ठण्. ठण्. ठण्.

बाहेर काय झालं ते त्याला मागाहून कळलं. पायरीवर पखवाज घेऊन बसलेल्या धर्माला पाठीमागच्या दगडातून ठोके जाणवले. पुढच्या ओळीतली म्हातारी म्हणाली, “आता ह्यो कोन ठोकतोय, कीर्तनात?”

“सुदाम्या असंल,” धर्मा म्हणाला. “मागं लादी बशीवतोय.”

“याला काम करायला योच टाइम घावला काय?”

महाराज हसले आणि माइकवर म्हणाले, “ठोकू द्या, ठोकू द्या! नाईकांच्या दाराशी कुणी हात जोडतंय, कुणी हातोडी चालवतंय. दोघांची पावती एकच.” मांडव हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या सुदामने ऐकल्या. त्याला वाटलं, कळलं! आता पहारी येतील. तो हातोडी मांडीवर ठेवून थांबला. घुमी परत सुरू झाली. पहारी आल्या नाहीत.

पाथरवटाच्या ठोक्यांचं कुणाला नवल वाटणार? सहा महिने माळावर दुसरं काही वाजतच नव्हतं. सकाळी उठावं तर सुदामची ठण्‌ठण्, जेवताना ठण्‌ठण्. हे त्याच्या आता ध्यानात आलं.

मग तो छताकडे वळला. वाट उघडली तर निदान तोंड लावायला जागा होईल. पण हातोडी मागे न्यायलाच जागा नाही. वीतभर झोक्यात छन्नी सिमेंटचे नुसते टवके काढत होती. पूड डोळ्यांत गेली. घाम कपाळावरून नाकात उतरला. हवा जड झाली होती, आपलाच श्वास आपणच परत घ्यावा तशी. कितीही ओढला तरी पुरेना.

‘माझ्याच हातानं बुजवली,’ त्याच्या मनात आलं. ‘साहेबानं चिणलं तवा कातळानं तरी भेग ठेवली व्हती.’

नाईकांजवळ माफी मागायची तर नाईक समोरच होते, दोन पायांच्या मधे, तांब्याच्या कलशात. “नाईक,” तो म्हणाला, “म्या बरं म्हनलो. चुकलं.” एवढंच बोलून त्याला धाप लागली.

वर पखवाजावर थाप पडली. काल्याचा गजर.

हा शेवटचा. या गजराला मांडव उभा राहतो, टाळकरी फेर धरतात, लय चढत जाते, आणि ती अगदी कळसाला पोचली की हंडी फुटते. सुदामला ठाऊक होतं, किती झालं तरी अर्धा तास. मग पाटी. झाप पडलेली दिसली की ते दोघे कारागीर म्हणणार, सुदामने आपलं काम उरकून ठेवलंय. त्यांनी का म्हणून बघावं?

तो जीव खाऊन ठोकू लागला. झापेवर, भिंतीवर, छतावर. हात भरून आले तरी ठोकत राहिला. आणि थोड्या वेळाने त्याला काहीतरी चमत्कारिक जाणवलं. वरचा पखवाज त्याच्याशी बोलत होता. तो ठण् करायचा, वर धा पडायचा. त्याने दोन मारले, वरून चार आले. धर्मा त्याला साथ देत होता!

वर खरंच तसं चाललं होतं. दगडातून येणारे ठोके अगदी ठेक्यात पडत होते. धर्माने शेजारच्या टाळकऱ्याला डोळा घातला. “बघ, लादी बशीवताना बी सम सोडीत नाय गडी!” आणि तो रंगात येऊन सुदामच्या ठोक्यांना बोल जोडू लागला होता. टाळकऱ्यांना स्फुरण चढलं. असा काला वाडीत कधी झाला नव्हता, असं लोक अजूनही म्हणतात.

सुदाम थांबला. हातोडी हातात तशीच. वीस वर्षं टाळ वाजवलेला हात! कानावर गजर पडला की तो आपोआप त्या ठेक्यात जाऊन बसतो, तसाच बसला होता. जिवाच्या आकांताने मारलेला प्रत्येक ठोका कीर्तनात विरघळून गेला होता. तो हाका मारत होता आणि बाहेर त्याचं भजन ऐकू येत होतं.

ठेका मोडला पाहिजे.

त्याने उपरण्याने कान बांधले. काही उपयोग झाला नाही. पखवाज पाठीतून आत येत होता, कलशातून आत येत होता. त्याने हातोडी समेच्या आधीच मारायची ठरवली. हात उचलला, तो हवेतच जरासा थबकला, आणि नेमका समेवर पडला. पुन्हा. पुन्हा समेवर. जसं आपल्याच पायाला आपणच आडवा पाय घालायचा. त्याच्या आयुष्यात त्याने एकदाच ठेका चुकवला होता, अकरा वर्षांचा असताना, आणि बापाने सगळ्यांदेखत मुस्कटात मारली होती. महाराज सांगत, टाळ चुकला म्हणजे देवाचं पाऊल अडखळलं. सुदामने ते कायमचं मनात धरलं होतं.

“अडखळ रे देवा,” तो म्हणाला. “आज जरा अडखळ.”

आणि डोळे घट्ट मिटून त्याने हातोडी घातली. ठेक्याच्या मधे. मग लगेच दुसरी. मग काहीच नाही. मग समेच्या केसभर आधी एक. मग तीन, वेडेवाकडे, टाळ घेतलेलं लहान पोर मारील तसे. प्रत्येक ठोक्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो मारत राहिला.

धर्माचा हात पहिल्या चुकीला सावरला. दुसरीला अडखळला. तिसऱ्या ठोक्याला धर्माच्या अंगावर काटा आला. सुदाम? सुदामचा हात? हा हात तापात चुकला नव्हता, बापाच्या तेराव्याला चुकला नव्हता. भर गजरात, हंडीखाली पोरांची उतरंड लागलेली असताना, धर्माने पखवाजावर दोन्ही पंजे ठेवले आणि आवाज दाबला.

पखवाज थांबला तसे टाळ थांबले. महाराज मागे वळले. “काय झालं, धर्माबुवा?”

“सुदाम चुकला,” धर्मा म्हणाला.

“अरे, मग चुकला तर—”

“महाराज, सुदाम चुकत नाय.” तो उठला. “यमूवयनी, कुठं हाय तो?”

“मागं,” यमू म्हणाली. “मागं काम हाय म्हनलेला.”

मांडव चिडीचूप. आणि त्या शांततेत, पायऱ्यांखालून, दगडाच्या पोटातून आलं. ठण्... ठण्‌ठण्... ठण्.

कनातीचा पडदा फाटला. कुणी जनरेटर बंद केला. कुणी पहारी ओढल्या. झाप वीतभर उचलली तेव्हा आत सुदामची बोटं दिसली, आणि यमू त्या बोटांना धरूनच बसली. झाप पुरती वर गेल्यावर त्याला बाहेर ओढला. सगळं अंग पांढरं, कानांना उपरणं बांधलेलं. तो उताणा पडून आभाळाकडे तोंड करून नुसता श्वास घेत होता.

“मुकाट मरायला गेलते काय?” यमू रडत रडत त्याच्या छातीवर बुक्के मारू लागली. “कुनाला सांगायचं नाय, इचारायचं नाय! जल्मात एकदा तरी तोंड उघडा!”

धर्मा त्याच्या डोक्याशी बसला होता. “काय घाण ठोकलंस रे,” तो म्हणाला.

रंजिता मॅडम गर्दीतून वाट काढत आल्या. अनवाणीच होत्या. “दादा, आत कशाला गेला होतात?”

सुदामने उठून बसायचा प्रयत्न केला. पाच-सहाशे माणसं ऐकत होती. पाहुणे खुर्चीवरून उठून उभे होते. त्याच्या जिभेवर ‘काय नाय, मॅडम’ येऊन बसलं होतं. त्याने यमूकडे बघितलं.

“मॅडम, ते भोक,” तो म्हणाला. “ती वाऱ्याची वाट हाय. नाईकांनी मागितलेली. माज्या आज्यानं ठेवलेली. पानी आत येत नाय, मधी वळान हाय त्याला. म्या बुजीवली. तुमी म्हनल्या तवा म्या सांगायचं व्हतं, आन् नाय सांगितलं.”

“का नाही सांगितलं?”

“नकाशात नव्हती.”

रंजिता मॅडम त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. “नकाशात नसेल तर नकाशात घालायची असते, दादा,” त्या म्हणाल्या. “मला काय दिसणार दगडाच्या आत? तुम्हालाच दिसतं ते.” मग त्यांनी त्या अंधाऱ्या तोंडाकडे पाहिलं. “आता कशी उघडायची?”

“खालून. वळनापर्यंत पोचलोय जवळजवळ. बोटभर राह्यलंय.”

“दुसरं कुणी जाईल. तुम्ही नाही.”

“दुसऱ्याला वळान कुठं हाय ते ठावं नाय, मॅडम.”

सुदाम त्या तोंडाकडे बघत होता. आताच जिथून सुटला तिथे परत पाय घालायचे, या विचारानेच त्याला श्वास अपुरा पडू लागला. स्मारकाच्या समितीतल्या कुणीतरी हळूच म्हटलं की पाहुण्यांना पुढे मुरबाडला कार्यक्रम आहे.

“पाहुणे थांबतील,” भगीरथ महाराज म्हणाले. “नाईक तीन दिवस थांबले होते.” आणि पाहुणेही बिचारे मुकाट्याने परत खुर्चीत बसले.

धर्माने पडलेला ओंडका लाथेने बाजूला सारला. झापेखाली दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या लाद्या रचल्या, एकावर एक, कमरेइतक्या. वर दोन गडी पहारी धरून उभे केले. मग पखवाज उचलून आणला आणि पोकळीच्या तोंडाशी मांडी घालून बसला.

“जा,” तो म्हणाला. “मी हितं ठेका धरतो. तू त्याच्यावर ठोक. एक बी ठोका इकडंतिकडं झाला का पाय धरून वढून काढीन, छन्नी तिथंच ठेवून. आलं ध्यानात?”

यमूने त्याच्या पायाच्या घोट्याला आपल्या पदराचं टोक बांधलं. गाठ मारून दोनदा ओढून पाहिली.

सुदाम परत आत गेला. तोच अंधार, तोच वाकलेला मणका. पण पायांकडून उजेडाची एक पट्टी येत होती आणि घोट्याला ओढ होती. धर्माने हळू लय लावली, अगदी पहाटेच्या काकड्याला लावतात तशी. सुदामने छन्नी टेकवली. ठण्. धा. ठण्. धा. हात आपल्या जागी जाऊन बसला. हात ठेक्यात बसल्याचं आज पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं. बाहेर कुणी टाळ उचलला, मग दुसऱ्याने. नाव घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मांडव हलक्या आवाजात विठ्ठल विठ्ठल म्हणू लागला. हंडी तशीच वर लटकत राहिली.

एकदा मधेच त्याचा हात थांबला. धाप लागली होती. लगेच घोट्याला हिसका बसला.

“हाय, हाय,” तो आतून ओरडला. “थांब गो, हाय मी!”

पुन्हा ठण्. पुन्हा धा. मग छन्नी एकदम पोकळ जागी घुसली, छतातून चिमूटभर पांढरी पूड त्याच्या कपाळावर सांडली, आणि तिच्या मागोमाग, वळण घेऊन, वारा आला.